काळ्या मातीतला पाया: पीसीसी ओतण्याआधी खड्ड्याच्या तळाशी नेमकं काय तपासायचं?

जोतं_३०बाय४०
जी+१ घर, आरसीसी फ्रेम, ११ कॉलम. साइट मराठवाड्यात, वर काळी माती. नकाशात फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) १.५ × १.५ मीटर, खोली ६ फूट, जमिनीची धारणक्षमता चौरस मीटरला २० टन धरली आहे. खड्डे खणून झालेत. ८ खड्ड्यांत साडेपाच-सहा फुटांवर मुरूम लागला. ३ खड्ड्यांत ६ फुटांवरही काळी माती आहे, एकात थोडी पिवळट. ठेकेदार म्हणतो, त्या तिघांत सोलिंग (तळाशी रचलेला दगडांचा थर) दुप्पट जाड करू आणि परवा सगळीकडे पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) ओतू. डिझायनर परगावी, फोनवर मिळतात. पीसीसी पडण्याआधी काय काय बघायचं आणि कुठे अडून बसायचं, जाणकारांनी सांगावं.

ओळंबा
परवाची पीसीसी थांबवा, मग पुढचं वाचा. तळ उघडा आहे तोवरच माती डोळ्यांना दिसते. एकदा पीसीसी पडली की पुढची पन्नास वर्षं अंदाज बांधत बसायचं.

पहिला मुद्दा त्या तीन खड्ड्यांचा. आठ फुटिंग मुरमावर आणि तीन काळ्या मातीवर, हे चालणारच नाही. सोलिंगने माती बदलत नाही. दगडांतून भार खाली त्याच काळ्या मातीवर जातो, वर दगडांच्या फटींत पावसाचं पाणी साठतं आणि नेमकं त्या मातीला पाजलं जातं. पावसाळ्यात ती फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. मुरमावरचे आठ कॉलम जागचे हलणार नाहीत, हे तीन मात्र दरवर्षी वरखाली होत राहतील. सगळी इमारत सारखी २० मिमी बसली तर कुणाला कळतही नाही. शेजारचे दोन कॉलम वेगवेगळे बसले तर भिंत फाटते. आयएस १९०४ या भारतीय मानकात आरसीसी फ्रेमच्या सुट्या फुटिंगसाठी असमान खचण्याची मर्यादा ०.००१५ × अंतर आहे. म्हणजे ३ मीटरवरच्या दोन कॉलमांत फरक साडेचार मिमी. काळ्या मातीचा एक पावसाळा त्याहून जास्त हलवू शकतो.

म्हणून तिन्ही खड्डे मुरूम लागेपर्यंत खाली न्या. जादा खोली मुरमाने भरू नका, माती परत टाकून तर अजिबात नको. ती १:४:८ (सिमेंट:वाळू:खडी) पीसीसीने भरा आणि फुटिंग ठरल्या पातळीवरच ठेवा. समजा ३ फूट जादा जावं लागलं. १.७ × १.७ × ०.९ म्हणजे २.६ घनमीटर, एक ब्रासाला थोडं कमी. घनमीटरला साधारण ३.४ गोणी धरली तर एका खड्ड्याला ९ गोण्या सिमेंट. पीसीसीत दगड टाकायचे असतील तर एकूण घनफळाच्या २० टक्क्यांपर्यंतच, धुतलेले, आणि प्रत्येक दगड चारही बाजूंनी काँक्रीटमध्ये बुडलेला हवा. आधी दगड रचून वरून माल ओतला की आत पोकळ्या राहतात.

खर्च वाचवायला कॉलम लांब करून फुटिंगच खाली न्यायचं असेल तर ते डिझायनरकडून लिहून घ्या. कॉलमची लांबी बदलली की त्याचं गणित बदलतं. शेजारच्या दोन फुटिंगच्या पातळीत फरक असेल तर त्यांच्या जवळच्या कडांना जोडणारी रेषा आडवी २ आणि उभी १ यापेक्षा जास्त उतरती नको. कडांमध्ये १.८ मीटर अंतर असेल तर ०.९ मीटर फरक ही शेवटची हद्द.

मुरूमकर
ओळंबा यांना +१. आता त्या आठ खड्ड्यांकडे वळू, कारण ‘मुरूम लागला’ या दोन शब्दांत बरंच दडलेलं असतं.

दख्खनच्या पठारावर वरून खाली साधारण असा क्रम लागतो: काळी माती, तिच्या बुडाशी पिवळट चिकण माती, कुठे चुनखडीचे पांढरे खडे, मग मऊ मुरूम, कठीण मुरूम, मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. पिवळ्या मातीला बरेच जण मुरूम समजतात. चिमूटभर ओली करून बोटांत चोळा. साबणासारखी बुळबुळीत लागली आणि सुतळीएवढी वळी वळता आली तर ती चिकण माती. मुरूम करकरतो आणि वळी वळण्याआधीच तुटतो.

दुसरा फसवा प्रकार गोट्यांचा. आपला बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने झिजतो आणि मुरमात मधोमध टणक गोल गोटे शिल्लक राहतात. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पहार टणकन वाजली म्हणून ‘खडक लागला’ म्हणायचं नाही. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये अशा पाच ठिकाणी पहार मारा आणि प्रत्येक ठिकाणी किती इंच गेली ते लिहा. चार ठिकाणी चार इंच गेली आणि एका ठिकाणी उसळली तर तो गोटा आहे. फुटिंगचा अर्धा भाग गोट्यावर आणि अर्धा मुरमावर बसला की फुटिंग कलतं. गोटा उपसून काढा, होणारा खळगा पीसीसीने भरा. गोटा खड्ड्याबाहेरपर्यंत पसरला असेल तर वरचा निदान फूटभर तरी फोडून सपाट करा.

तिसरा गेरू. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल विटकरी पट्टा असतो. उन्हाळ्यात इतका कडक की ब्रेकर लावावा लागतो, म्हणून ठेकेदार खूश. त्याचा मुठीएवढा ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकून रात्रभर ठेवा. सकाळी बादलीच्या तळाशी लाल गाळ दिसला तर त्यावर फुटिंग ठेवायचं नाही. हीच परीक्षा तुमच्या मुरमाचीही करा. चांगल्या मुरमाच्या कडा थोड्या झडतात, खडा मात्र शाबूत राहतो.

धुम्मस
सोलिंगऐवजी फूटभर वाळूची गादी टाकली तर? आमच्या भागात काळ्या मातीत सर्रास टाकतात. माती फुगली तरी वाळू ते पोटात घेते, असं गवंडी सांगतात.

ओळंबा
@धुम्मस, ही समजूत जुनी आणि फार चिवट आहे. चिकण मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे जमिनीखालचं टाकं. छताचं, न्हाणीघराचं, बागेचं पाणी वाळूत उतरतं, तिथून पुढे जायला वाट नसते, आणि गादीखालची माती वर्षभर ओली राहते. शिवाय वाळू न दबवता टाकली तर ती स्वतःच बसते.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर बराच अभ्यास केला आणि सीएनएस थराची पद्धत दिली. म्हणजे चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर. बऱ्याच ठिकाणी यासाठी चिकणसर मुरूम चालतो. तो वाळूसारखा पाणी पीत नाही, आणि दबवल्यावर खालच्या मातीची फुगवण्याची ताकद अडवतो. थर मात्र साधारण मीटरभर जाड लागतो, थराथराने दबवलेला. सहा इंच टाकून उपयोग नाही. तुमच्याकडे मुरूम हाताशी लागलाय, तेव्हा या भानगडीत पडूच नका. काळी माती १२-१५ फूट खोल असते तिथे हे, नाहीतर अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेला, तळाशी फुगीर काँक्रीटचा खांब). तो रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेचा मार्ग: साधारण साडेतीन मीटर खोल पाइल आणि तळाशी दांड्याच्या अडीचपट व्यासाचा कंद, म्हणजे वरची माती हलली तरी पाइल खाली रुतून राहतो.

जोतं_३०बाय४०
धन्यवाद. डिझायनरनी खणणं सुरू ठेवायला सांगितलंय. ठेकेदार म्हणतो एक प्लेट लोड टेस्ट (तळावर लोखंडी प्लेट ठेवून भार देऊन ती किती बसते ते बघायचं) करू, वाद मिटेल. करावी का?

पातळीनळी
प्लेट टेस्ट उत्तम, पण ती कुठपर्यंत बघते ते ठाऊक हवं. प्लेटच्या रुंदीच्या दीड ते दोनपट खोलीपर्यंतच तिचा ताण पोचतो. ३० सेंमीची प्लेट खालची ६० सेंमी माती तपासणार. तुमचं फुटिंग दीड मीटरचं, त्याचा ताण ३ मीटरपर्यंत जातो. मधे मऊ पट्टा असला तर प्लेटला पत्ताही लागत नाही. आणि काळ्या मातीवर मे महिन्यात प्लेट टेस्ट केली की निकाल झकास येतो. वाळलेली काळी माती दगडासारखी असते, पहारही उसळते. ऑगस्टमध्ये त्याच जागी चपलेला किलोभर चिखल लागतो.

तीनचार खड्ड्यांच्या तळातून हाताने फिरवायच्या ऑगरने आणखी दीड-दोन मीटर भोक पाडून बघणं स्वस्त आणि जास्त कामाचं. ऑगर मुरमात अडला तर तेही उत्तरच. दोन-तीन मजल्यांच्या वरच्या इमारतीला मात्र रीतसर बोअर आणि एसपीटी ही ठोक्यांची चाचणी हवीच: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडायचा, पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला किती ठोके लागले ते मोजायचं.

भाराचा हिशोबही एकदा ताडून बघा. समजा कॉलमवर ४० टन (सुरक्षिततेच्या १.५ ने न गुणलेले), फुटिंगच्या वजनासाठी आणखी १० टक्के धरून ४४. भागिले २० म्हणजे २.२ चौरस मीटर. १.५ × १.५ = २.२५, जेमतेम बसतं. मधल्या कॉलमवर ५५ टन येत असतील तर तोच आकार चालणार नाही. अकराच्या अकरा फुटिंग एकाच मापाची असतील तर डिझायनरला विचारा, कारण कोपऱ्यातल्या आणि मधल्या कॉलमचा भार सहसा सारखा नसतो.

मुरूमकर
माती फुगणारी आहे का, हे घरबसल्या बघायचं असेल तर फ्री स्वेल चाचणी करा. आयएस २७२० भाग ४० मधली आहे.

माती भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १० ग्रॅम एका १०० मिलीच्या मोजनळीत, १० ग्रॅम दुसऱ्या नळीत. एकीत केरोसीन, दुसरीत शुद्ध पाणी, १०० च्या खुणेपर्यंत. काचकांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. केरोसीनमध्ये १२ मिली आणि पाण्यात २१ मिली दिसली तर (२१ − १२) ÷ १२ × १०० = ७५ टक्के. आयएस १४९८ प्रमाणे ५० च्या खाली कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, २०० च्या वर अतिजास्त. नमुने तीन घ्या: काळी, पिवळी, मुरूम. वेगळ्या पिशव्या, पिशवीवर खड्डा क्रमांक आणि खोली.

जांभा
कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी थोडी भर. आपल्याकडे उलटा फसवेपणा आहे. वर जांभ्याचं कडक कवच, कुऱ्हाड लागणार नाही असं, आणि त्याखाली मऊ पिवळी-पांढरी चिकण माती. पाण्याने ती वाहून जाते आणि कवचाखाली पोकळी होते. पहारीचा आवाज ऐका: भरीव जांभा ठण्ण वाजतो, पोकळीवरचा ढब्ब. शंका आली तर कवचात भोक पाडून जाडी मोजा. उतारावरच्या प्लॉटवर कापलेल्या बाजूला जांभा आणि भरलेल्या बाजूला भराव, असं अर्धं-अर्धं घर तर मुळीच नको.

धुम्मस
वाळूबद्दल पटलं. आता असं विचारतो: घर आधीच बांधलेलं असेल आणि भिंतीला तडे असतील तर पायाची तपासणी कुठून सुरू करायची?

पातळीनळी
तड्यापासूनच, फावडं हातात घेण्याआधी.

खिडकीच्या कोपऱ्यातून ४५ अंशात तिरका गेलेला तडा पायाकडे बोट दाखवतो. भेंडाळलेल्या प्लास्टरचे जाळीदार तडे वेगळे, त्यांचा पायाशी संबंध नाही. वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर बहुधा इमारतीची टोकं खाली जातायत, खाली रुंद असेल तर मधला भाग. तड्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर तडा जिवंत आहे. रुंदी दर महिन्याला मोजा, निदान एक मे आणि एक ऑगस्ट त्यात यायला हवा. उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो तो मातीचा खेळ. नुसता वाढतच जातो तो खचण्याचा.

मग पातळीनळीने घरभर जोत्याची पातळी घ्या, ८-१० ठिकाणी. सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याजवळ हमखास काहीतरी सापडतं: फुटलेला सांडपाण्याचा पाइप, छताचं पाणी थेट भिंतीशी सोडणारी पन्हळ, किंवा उंबर-पिंपळ. झाड भिंतीपासून त्याच्या उंचीइतकं तरी लांब हवं. घर काळ्या मातीत असेल तर जुनं मोठं झाड एका झटक्यात तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की सुकलेली माती परत फुगते आणि भिंत वर उचलते.

एवढं झाल्यावर खड्डा. फुटिंगशेजारी १ × १ मीटरचा, एका वेळी एकाच बाजूने, फुटिंगच्या तळाच्या खाली न जाता. पाण्याचा निचरा सुधारून आणि भिंतीभोवती १ ते दीड मीटर रुंद, बाहेर उतार दिलेली फरशी करूनच बरेच तडे थांबतात. पायाखाली आधार देण्याची वेळ आलीच तर एका वेळी १ ते १.५ मीटरचा तुकडा, एक सोडून एक, आणि इंजिनिअर जागेवर असतानाच.

जोतं_३०बाय४०
खबरबात. दोन खड्ड्यांत ८ फुटांवर मुरूम लागला, पाचही ठिकाणी पहार ३-४ इंचच गेली. फ्री स्वेल चाचणीचे आकडे (केरोसीन/पाणी, मिली): काळी १२/२३, पिवळी १२/१८, मुरूम १२/१३. तिसऱ्या खड्ड्यात ९ फुटांवरही काळीच माती, आणि आता तिच्यात विटांचे तुकडे आणि राख निघतेय.

मुरूमकर
काळी ९२ टक्के, पिवळी ५०, मुरूम ८. मुरूम उत्तम, पिवळीवर थांबला नाहीत हे बरं झालं.

तिसऱ्या खड्ड्यात वीट आणि राख म्हणजे ती मूळची माती नाही, भराव आहे. जुनी बुजवलेली विहीर, आड किंवा खतखड्डा असणार. गावठाणातल्या प्लॉटवर पांढरीची माती लागते तिलाही हेच लागू, शतकानुशतकांची राख आणि घरांचा पडझडीचा ढिगारा असतो तो. पाणी लागलं की बसतो. तिथे खणत राहू नका. ९ फूट खोल, काळ्या मातीच्या उभ्या बाजूंना भेगा, खाली माणूस: भिंतीएवढा पापुद्रा एकदम सुटतो. दीड मीटरच्या पुढे बाजूंना पायऱ्या किंवा आधार हवाच, उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब, आणि शिडी खड्ड्यातच.

भरावाची हद्द शोधा. खड्ड्याभोवती दोन-दोन फुटांवर ऑगरने भोकं पाडा, विटा कुठे संपतात ते चुन्याने आखा. मग डिझायनरपुढे तीन वाटा: कॉलम सरकवणं, शेजारच्या कॉलमबरोबर जोडफुटिंग (दोन कॉलमांना एकच फुटिंग) किंवा स्ट्रॅप बीम (दोन फुटिंग जोडणारा बीम), किंवा तिथे पाइल. पहिली जमली तर सगळ्यात स्वस्त.

ओळंबा
आणि बाकीच्या दहा खड्ड्यांत पीसीसीच्या दिवशी एवढं बघा.

तळात पाणी साचलेलं नको. पाऊस पडून तळ भिजला असेल तर वरचा २-४ इंचांचा लगदा खरवडून काढा आणि त्याच दिवशी पीसीसी. खरवडल्यामुळे कमी झालेली पातळी पीसीसीनेच भरा. पाण्याचा पंप लावायचा तर कोपऱ्यात फुटिंगच्या मापाबाहेर छोटा खळगा करून त्यातून ओढा, ताज्या काँक्रीटमधून ओढलं की सिमेंट पंपाबरोबर जातं. ओळी आणि गुण्या पीसीसीनंतर पुन्हा तपासा, कर्ण मोजून. सळयांच्या जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक (जाळी तळापासून उचलून धरणारे ठोकळे), विटेचे तुकडे नकोत. जाळी १० मिमीची १५० मिमीवर असेल तर दीड मीटरच्या फुटिंगला प्रत्येक दिशेत ११ सळया मोजून घ्या.

आता प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणारा बीम. काळ्या मातीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तो थेट मातीवर ओतू नका. माती फुगली की बीमला खालून ढकलते आणि सगळा पाया बरोबर असूनही भिंतीला तडा जातो. बीमखाली ७५ ते १०० मिमी मोकळी जागा ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पातळ फरशा उभ्या लावा, म्हणजे भराव आत शिरणार नाही. फुटिंगभोवतीच्या खड्ड्यांत आणि जोत्यात खड्ड्यातून निघालेली काळी माती परत टाकायची नाही. मुरूम आणा, ६ ते ८ इंचांचे थर, पाणी आणि धुम्मस, किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. एकदम तीन फूट भरून वरून पाणी सोडणं म्हणजे दबवणं नव्हे.

जोतं_३०बाय४०
ठेकेदाराने उपसलेली काळी माती जोत्यात भरायला बाजूलाच रचून ठेवली होती. ती उद्या शेतात जातेय. तिसरा कॉलम डिझायनरनी २ फूट आत घ्यायला सांगितलाय, नवा खड्डा पावणेसहा फुटांवर मुरमात. पहार पाच ठिकाणी: ३, ४, ३, ३, ४ इंच.